तातडीचा एक बाइट : सॉकेटच्या प्रेषण-फ्लॅगांचा इतिहास आणि त्यांची दोषचिकित्सा

१

संगणकांच्या जाळ्यातून संदेश पाठविण्यासाठी युनिक्स-परंपरेतील कार्यप्रणालींमध्ये जे ‘सेंड’ नावाचे आवाहन आहे, त्याला चार गोष्टी पुरवाव्या लागतात : कोणत्या सॉकेटमधून पाठवावयाचे, कोणता मजकूर पाठवावयाचा, तो किती बाइटांचा आहे, आणि चौथी गोष्ट म्हणजे फ्लॅग. पहिल्या तिहींविषयी फारसा मतभेद संभवत नाही. चौथ्या जागी बहुतेक प्रोग्रॅमर शून्य लिहून मोकळे होतात. परंतु ह्या शून्याच्या जागी जेव्हा दुसरा अंक येतो, अथवा यावयास हवा असतो आणि येत नाही, तेव्हा ज्या बिघाडांची मालिका सुरू होते ती गेली चार दशके प्रोग्रॅमरांना छळीत आली आहे. संदेश ‘तातडीचा’ म्हणून धाडावा आणि पलीकडे त्यातील एकच अक्षर तातडीचे ठरावे. एखादा प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता मध्येच नाहीसा व्हावा. एका यंत्रावर नीट चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडून बसावी. असे हे बिघाड आहेत.

ह्या बिघाडांना सामान्यतः निष्काळजीपणाचे फळ मानले जाते. ते मत अर्धवट आहे. सूक्ष्मपणे पाहिल्यास ह्यातील बहुतेक दोषांचे मूळ व्यक्तीच्या चुकीत नसून इतिहासात आहे, असे दिसून येते. प्रत्येक फ्लॅग एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून जन्मास आला, आणि त्या अडचणीच्या खुणा त्याच्या अंगावर राहून गेल्या. त्या खुणा वाचता आल्या तर दोषाचे निदान सुकर होते. प्रस्तुत लेखात ह्याच दृष्टीने प्रमुख प्रेषण-फ्लॅगांचा मागोवा घेतला आहे.

२

सॉकेट ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संगणकप्रणाली संशोधन-गटात आकारास आली. अमेरिकेच्या संरक्षण-खात्याच्या ‘डार्पा’ ह्या संस्थेने ह्या गटाला साहाय्य दिले होते. अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी आपला जुना नियमसंच टाकून टीसीपी-आयपी स्वीकारला, आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ‘४.२ बीएसडी’ ही आवृत्ती प्रसृत झाली. सॉकेटचे सर्वपरिचित स्वरूप हिच्याच द्वारे जगभर पोहोचले.

युनिक्सचे मूळ तत्त्व असे की, फाइल, उपकरण अथवा नळी, सर्वांसाठी वाचन व लेखन ही दोनच आवाहने पुरेशी असावीत. बर्कलेच्या मंडळींनी हे तत्त्व सोडले नाही. सॉकेटवरही साधे ‘राइट’ चालते. तथापि जाळ्यातील दळणवळणात अशा काही गरजा होत्या की ज्या फाइलीच्या लेखनात कधीच उद्भवत नाहीत. म्हणून ‘सेंड’ हे वेगळे आवाहन निर्माण झाले. फ्लॅग शून्य असता ‘सेंड’ आणि ‘राइट’ ह्यांत व्यवहारतः फरक उरत नाही. म्हणजेच फ्लॅगचे स्थान हीच ‘सेंड’च्या स्वतंत्र अस्तित्वाची सबब होय.

आरंभी प्रेषणासाठी दोनच फ्लॅग महत्त्वाचे होते. ‘एमएसजी_ओओबी’ हा प्रवाहाबाहेरील, म्हणजे तातडीच्या, मजकुरासाठी. आणि ‘एमएसजी_डोंटराउट’ हा मार्गकोष्टकाची मदत न घेता थेट जोडलेल्या जाळ्यावर संदेश धाडण्यासाठी. दुसऱ्याचा उपयोग मार्गनिर्णय करणाऱ्या आणि मार्गांची तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमांना होता. जो प्रोग्रॅम स्वतःच मार्गकोष्टक बांधतो, त्याला त्याच कोष्टकावर विसंबता येत नाही, हे उघड आहे. हा फ्लॅग आपल्या मर्यादित क्षेत्रात राहिला आणि त्याने फारसा उपद्रव दिला नाही. पहिल्याची कथा मात्र निराळी आहे.

३

तातडीच्या मजकुराची गरज टेलनेटसारख्या दूरस्थ व्यवहारात निर्माण झाली. दूरच्या यंत्रावर एखादा प्रोग्रॅम अनावर झाला आणि वापरणाऱ्याने ‘थांब’ अशी आज्ञा टंकित केली, तर ती आज्ञा आधीच्या न वाचलेल्या मजकुराच्या रांगेत मागे उभी राहते. जो प्रोग्रॅम वाचीतच नाही, त्याला थांबण्याची आज्ञा कधी मिळावयाची? मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स ह्यांनी लिहिलेल्या आरएफसी ८५४ ह्या टेलनेटच्या नियमपत्रात ह्यासाठी ‘सिंक’ नावाची योजना आहे. तीत टीसीपीची तातडीची सूचना पाठवून, प्रवाहातील एका खुणेपर्यंतचा मजकूर महत्त्वाच्या आज्ञा तेवढ्या निवडून बाकीचा टाकून द्यावा, असे सांगितले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. टीसीपीमध्ये तातडीसाठी दुसरा मार्ग नाही. मजकूर त्याच एका प्रवाहातून, त्याच क्रमाने जातो. तातडी ही केवळ एक सूचना आहे : शीर्षकातील एक बिट आणि सोळा बिटांचा एक निर्देशक मिळून ‘प्रवाहात पुढे अमुक ठिकाणापर्यंत महत्त्वाचे काही आहे’ एवढेच सांगतात. बर्कलेच्या सॉकेटने मात्र ह्या सूचनेला निराळे रूप दिले. निर्देशित केलेला एक बाइट प्रवाहातून उचलून बाजूस ठेवावयाचा, आणि वाचणाऱ्याने ‘एमएसजी_ओओबी’ फ्लॅग देऊन तो स्वतंत्रपणे मागावयाचा, अशी ही रचना होती. सूचनेचे मजकुरात रूपांतर झाले, आणि तेही फक्त एका बाइटाच्या मजकुरात.

ह्यातून उद्भवणारा पहिला दोष आजही नवशिक्याला भेटतो. तीन अक्षरांचा संदेश ह्या फ्लॅगसह धाडला, तर पलीकडे शेवटचे एकच अक्षर तातडीचे म्हणून मिळते. पहिली दोन सामान्य प्रवाहात जाऊन पडतात. पहिला तातडीचा बाइट वाचण्यापूर्वी दुसरा आला, तर बाजूस ठेवण्याची जागा एकच असल्याने जुन्याचे तातडीचे स्थान जाते. ‘तातडी’ ह्या शब्दावरून संदेश लवकर पोहोचेल अशी समजूत करून घेणे हाही भ्रमच होय. ग्राहकाचा बफर भरलेला असेल तर सूचना पुढे जाऊ शकते, परंतु तो बाइट स्वतः इतरांसारखाच ताटकळत राहतो.

४

दुसरा दोष अधिक खोल आहे, कारण तो खुद्द नियमग्रंथातच होता. टीसीपीचे प्रमाणभूत वर्णन करणारी आरएफसी ७९३ सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल ह्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. तिच्या सतराव्या पृष्ठावर असे म्हटले होते की, निर्देशक तातडीच्या मजकुरानंतरच्या बाइटाकडे बोट दाखवितो. त्याच ग्रंथात पुढे प्रेषणाची कृती सांगताना जे सूत्र दिले, त्यावरून मात्र निर्देशक तातडीच्या शेवटच्या बाइटाकडेच बोट दाखवितो असे निष्पन्न होत होते. एका बाइटाचा हा विसंवाद दिसावयास क्षुल्लक. परंतु ज्या रचनेत तातडीचा मजकूर म्हणजेच एक बाइट, तेथे एका बाइटाची चूक ही शंभर टक्क्यांची चूक होते.

बर्कलेच्या आज्ञावलीने पहिला अर्थ घेतला. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन ह्यांनी संपादित केलेल्या आरएफसी ११२२ ने निर्णय दिला की, सतराव्या पृष्ठावरील विधान चुकीचे असून दुसरा अर्थच प्रमाण होय. शास्त्राचा निकाल लागला. परंतु तोपर्यंत रूढी पक्की झाली होती. बर्कलेची आज्ञावली असंख्य यंत्रांवर पसरली होती, आणि इतर निर्मातेही तिच्याशी जुळावे म्हणून तिचाच अर्थ घेत होते. लिनक्समध्ये तर ‘टीसीपी_एसटीडीअर्ग’ नावाची एक कळ ठेवण्यात आली. ती चालू केली तर प्रमाणग्रंथाचा अर्थ, बंद असली तर बर्कलेचा. आणि मुळात ती बंदच असते. प्रमाण पाळावयाचे असेल तर मुद्दाम कळ फिरवावी लागते, ह्यातच परिस्थितीचे सारे मर्म आले.

दोन टोके जेव्हा निरनिराळा अर्थ घेतात तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पाठविणारा बर्कलेच्या अर्थाने पुढील बाइटाकडे बोट दाखवितो; घेणारा प्रमाणग्रंथ पाळून त्या पुढील बाइटालाच तातडीचा समजतो. तो बाइट अजून आलेलाच नसला तर घेणारा वाट पाहत राहतो, आणि आला तर भलताच बाइट बाजूस काढला जातो. पाठविणारा आपल्या आज्ञावलीत चूक शोधतो, घेणारा आपल्या. आणि चूक दोघांकडेही नसते. करारनाम्यातील एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे दोन प्रामाणिक पक्षांत वाद उपस्थित व्हावा, तसाच हा प्रकार होय.

ह्या वादाचा शेवट बोधप्रद आहे. जानेवारी २०११ मध्ये फर्नांडो गोंट व अँड्र्यू युर्चेंको ह्यांची आरएफसी ६०९३ प्रसिद्ध झाली. तिने व्यवहारात जवळजवळ सर्वत्र जो अर्थ चालतो त्यालाच प्रमाण ठरविले, म्हणजे १९८९ चा निर्णय फिरविला. त्याचबरोबर नव्या प्रोग्रॅमांनी तातडीच्या योजनेचा अवलंबच करू नये, असाही सल्ला दिला; वाटेतील काही उपकरणे तातडीची खूण पुसून टाकतात, हेही त्यामागील एक कारण होते. ऑगस्ट २०२२ मध्ये टीसीपीचे एकत्रित नियमपत्र म्हणून आलेल्या आरएफसी ९२९३ मध्ये हीच भूमिका कायम राहिली. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन धर्मनिर्णयाच्या क्षेत्रातले. त्याचा प्रत्यय यंत्रांच्या नियमग्रंथात यावा ही लक्षणीय गोष्ट आहे. फरक एवढाच की येथे रूढी विजयी झाली ती आपल्या अंतिम क्षणी. तिला मान्यता मिळाली, आणि त्याच पत्राने तिला निवृत्तीही दिली.

५

तातडीच्या फ्लॅगचा अर्थ तारेवरून प्रवास करतो. त्यामुळे त्यात दोन पक्ष गुंततात. ह्याउलट काही फ्लॅग असे आहेत की ज्यांचा एक बिटही यंत्राबाहेर जात नाही. ते केवळ प्रोग्रॅम आणि त्याचा कर्नल ह्यांच्यातील समजुतीचे असतात. ह्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा ‘एमएसजी_नोसिग्नल’ होय. त्याचे मूळ सॉकेटपेक्षा जुने आहे.

युनिक्समध्ये १९७३ मध्ये नळी, म्हणजे पाइप, आली. एका प्रोग्रॅमचे फलित दुसऱ्यात सोडण्याची ही सोय होती. पुढे प्रश्न आला : वाचणारा निघून गेला आणि लिहिणारा लिहीतच राहिला तर काय करावे? लेखनाचे आवाहन त्रुटी कळवील हे खरे, परंतु पुष्कळ प्रोग्रॅम लेखनाची फलश्रुती तपासतच नाहीत. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत तेरा क्रमांकाचा ‘सिगपाइप’ हा इशारा आढळतो. वाचक नसलेल्या नळीत लिहिणाऱ्यास तो मिळतो, आणि काही तजवीज केलेली नसेल तर प्रोग्रॅम तेथेच संपतो. नळ्यांच्या साखळीत ही वागणूक सर्वथा उचित आहे. ज्याचे ऐकणारा कोणी उरला नाही त्याने बोलणे थांबवावे.

बर्कलेने सॉकेटलाही हाच नियम लावला, आणि येथे उपमा फसली. नळीत लिहिणाऱ्याचा एकच वाचक असतो. परंतु सेवा देणाऱ्या प्रोग्रॅमला शेकडो ग्राहक असतात. त्यांपैकी एकाने जोडणी तोडली म्हणून सर्वांची सेवा बंद पडावी, हे न्याय्य नव्हे. शिवाय हा दोष लपून येतो. पलीकडच्या बाजूने जोडणी बंद केल्यानंतरचे पहिले ‘सेंड’ बहुधा यशस्वी होते. कारण टीसीपीत एक दिशा बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते, आणि बंद करणाऱ्याने केवळ बोलणे थांबविले की ऐकणेही, हे कर्नलला ठाऊक नसते. तो मजकूर पोहोचल्यावर पलीकडून जोडणी-रद्दची सूचना येते. त्यानंतरचे दुसरे ‘सेंड’ मात्र ‘ईपाइप’ ही त्रुटी आणि सिगपाइप ही दोन्ही घेऊन येते. म्हणून परीक्षणाच्या वेळी एकच संदेश धाडून पाहणाऱ्यास सर्व आलबेल वाटते, आणि प्रत्यक्ष कामात प्रोग्रॅम नाहीसा होतो. शेलमध्ये अशा प्रोग्रॅमची समाप्ती-संख्या १४१ दिसते. १२८ मध्ये इशाऱ्याचा क्रमांक १३ मिळविला की हा आकडा येतो. कित्येकदा मागे उरलेला एवढाच पुरावा असतो.

संपूर्ण प्रोसेससाठी सिगपाइपकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञा देणे हा जुना उपाय. स्वतंत्र प्रोग्रॅमला तो पुरतो. परंतु ग्रंथालय-स्वरूपाच्या आज्ञावलीला, म्हणजे लायब्ररीला, तो वर्ज्य आहे; ती पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या घरात राहते, आणि यजमानाचे नियम बदलण्याचा तिला अधिकार नाही. ह्या अडचणीवर दोन परंपरांनी दोन उत्तरे शोधली. लिनक्सने २.२ ह्या आवृत्तीत, म्हणजे १९९९ मध्ये, ‘एमएसजी_नोसिग्नल’ हा फ्लॅग दिला : ह्या एका प्रेषणापुरता इशारा नको, फक्त त्रुटी कळवा. बीएसडी-वंशातील काही प्रणालींनी ‘एसओ_नोसिगपाइप’ हा सॉकेटचा स्थायी गुणधर्म म्हणून दिला, आणि मॅकमध्ये दीर्घकाळ त्यावरच भिस्त होती. पोझिक्स प्रमाणाच्या २००१ च्या आवृत्तीत हा फ्लॅग नव्हता; २००८ च्या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. विंडोजमध्ये सिगपाइप मुळातच नाही. तेथे केवळ त्रुटी परत येते. एका यंत्रावर संकलित होणारी आज्ञावली दुसऱ्यावर ‘असे नाव ज्ञात नाही’ म्हणून अडते, त्यामागे हा इतिहास आहे.

६

ह्या दोन उत्तरांत एक तात्त्विक भेद दडलेला आहे. इच्छा कोणाला चिकटवावयाची : वस्तूला की कृतीला? सॉकेटला गुणधर्म लावला तर तो पुढील प्रत्येक कृतीस लागू होतो. फ्लॅग दिला तर त्या एका कृतीपुरताच. ‘न थांबता पाठवा’ ह्या इच्छेतही हाच भेद आहे. सॉकेट कायमचा अनवरोधी केला तर ती अवस्था त्याच सॉकेटचे वारसदार असलेल्या सर्व प्रोसेसांना लागू पडते, आणि जनक प्रोसेसने केलेल्या बदलामुळे अपत्य प्रोसेस अनपेक्षितपणे ‘ईअगेन’ ह्या त्रुटीने गोंधळते. ‘एमएसजी_डोंटवेट’ हा फ्लॅग हीच इच्छा एका प्रेषणापुरती व्यक्त करतो. मात्र तो दिला असता मजकुराचा काही भागच स्वीकारला जाण्याचा संभव असतो. किती बाइट गेले हे न पाहता पुढे जाणारा प्रोग्रॅम संदेशाचा उरलेला भाग गमावतो, आणि दोष जाळ्याच्या माथी मारला जातो.

एप्रिल २००१ मध्ये लिनक्सच्या २.४.४ आवृत्तीत आलेला ‘एमएसजी_मोअर’ हाही ह्याच जातीचा. ‘आणखी मजकूर येत आहे, तोवर अपुरे पाकीट रवाना करू नका’ असे तो कर्नलला सांगतो. जॉन नेगल ह्यांनी जानेवारी १९८४ मध्ये आरएफसी ८९६ मध्ये मांडलेली छोट्या पाकिटांची समस्या ह्यामागे आहे. परंतु शेवटच्या प्रेषणातही हा फ्लॅग राहून गेला, तर टीसीपीवर संदेश अकारण रेंगाळतो, आणि यूडीपीवर तर फ्लॅगविरहित प्रेषण होईपर्यंत संदेश निघतच नाही. आवाहन यशस्वी, त्रुटी काही नाही, आणि पलीकडे काहीच पोहोचलेले नाही, असे विलक्षण दृश्य दिसते.

फ्लॅगांचे अंकही सर्वत्र सारखे नाहीत. बर्कलेच्या काळातील १, २ व ४ हे अंक सर्वांनी राखले. नंतरच्या भरतीत वाटा फुटल्या. ६४ ह्या अंकाचा लिनक्समधील अर्थ ‘थांबू नका’ असा, तर बीएसडीमध्ये ‘सर्व मजकूर येईतो थांबा’ असा आहे. नेमका उलट अर्थ! नोसिग्नलचा अंक लिनक्समध्ये १६३८४, तर फ्रीबीएसडीमध्ये १३१०७२. म्हणून नावाऐवजी अंक लिहिणे, अथवा अन्य भाषेतून आवाहन करताना दुसऱ्या प्रणालीचे अंक उतरून घेणे, हे घातक ठरते.

घातकपणा वाढतो तो कर्नलच्या मौनामुळे. काही बाबतींत तो स्पष्ट नकार देतो. उदाहरणार्थ, लिनक्सवर यूडीपी-सॉकेटमधून तातडीचा मजकूर धाडू गेल्यास ‘असा व्यवहार येथे होत नाही’ अशी त्रुटी येते. परंतु अपरिचित फ्लॅग लिनक्स सामान्यतः निमूटपणे दुर्लक्षितो. ह्या औदार्याची किंमत नोव्हेंबर २०१७ मध्ये ४.१४ आवृत्तीत ‘एमएसजी_झीरोकॉपी’ आणताना मोजावी लागली. जुने प्रोग्रॅम चुकून तोच बिट आधीपासून पाठवीत असण्याची भीती होती. म्हणून सॉकेटवर वेगळा गुणधर्म लावून आधी संमती दिल्याशिवाय हा फ्लॅग लागू होत नाही, अशी तरतूद करावी लागली.

७

ह्या इतिहासातून दोषचिकित्सेचा एक क्रम निष्पन्न होतो. पहिला प्रश्न : संशयित फ्लॅगचा अर्थ तारेवरून जातो काय? जात असेल तर दोन्ही टोके तपासली पाहिजेत, आणि ‘टीसीपीडंप’सारख्या साधनाने तातडीचा बिट व निर्देशक प्रत्यक्ष पाहिले पाहिजेत. जात नसेल तर जाळ्यात शोध घेणे व्यर्थ. ‘एसट्रेस’सारख्या साधनाने कर्नलला नेमका कोणता फ्लॅग मिळाला आणि त्याने काय उत्तर दिले, हे पाहावे. दुसरा प्रश्न : इच्छा कृतीला लावली आहे की वस्तूला, आणि त्या वस्तूचे आणखी कोणी वाटेकरी आहेत काय? तिसरा : हा फ्लॅग ह्या प्रणालीत, ह्या आवृत्तीत, ह्या जातीच्या सॉकेटवर खरोखर अर्थपूर्ण आहे, की केवळ मुकाट्याने गिळला जात आहे? चौथा : परत आलेली संख्या आणि त्रुटी प्रोग्रॅमने वाचली काय? सिगपाइपचा जन्मच ज्या दुर्लक्षातून झाला, ते दुर्लक्ष आजही पुष्कळ दोषांचे उगमस्थान आहे.

ह्या चर्चेला केवळ सोयीचा प्रश्न समजू नये. मे १९९७ मध्ये विंडोज ९५ व विंडोज एनटीच्या यंत्रांना १३९ क्रमांकाच्या पोर्टावर तातडीचा मजकूर धाडून बंद पाडता येते, हे उघडकीस आले. जो मार्ग फारसा कोणी वापरीत नव्हते तो तपासलाही गेला नव्हता. पुढे ऑक्टोबर २०२१ च्या लिनक्स ५.१५ मध्ये, एकाच यंत्रातील प्रोग्रॅमांना जोडणाऱ्या युनिक्स-सॉकेटलाही तातडीच्या बाइटाची सोय देण्यात आली. २०२५ मध्ये तिच्यात एक स्मृतिदोष सापडला, आणि क्रोम ह्या ब्राउझरच्या बंदिस्त कक्षातून थेट कर्नलपर्यंत पोहोचण्यास तो उपयोगी पडू शकतो, हे जॅन हॉर्न ह्या संशोधकाने दाखवून दिले. त्या कक्षाच्या पहारेकऱ्याने ‘सेंड’ला परवानगी दिली होती, चौथ्या जागी काय आहे ह्याची झडती मात्र घेतली नव्हती.

टेलनेटच्या काळी एका अनावर प्रोग्रॅमला थांबविण्यासाठी निर्माण झालेला हा एक बाइट. त्याची मूळ गरज बव्हंशी सरली, नियमग्रंथाने त्याला निवृत्त केले, तरी चाळीस वर्षांनंतरही तो कर्नलमध्ये हजर आहे. आवाहनाच्या चौथ्या जागी शून्य लिहिणे सोपे आहे, आणि बहुधा ते योग्यही असते. परंतु ते शून्य म्हणजे रिकामी जागा नसून केलेली निवड आहे, हे जाणून लिहिलेले शून्य आणि न जाणता लिहिलेले शून्य ह्यांत जे अंतर आहे, तेच दोष उद्भवल्यावर त्याचे निदान करू शकणारा आणि करू न शकणारा ह्यांच्यातील अंतर होय.